सोनेरी जर्दाळू

दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर सुकामेव्याचा एक दुकानदार आणि त्याची दमेकरी बहीण बसले होते. बहिणीला बोलतानाही धाप लागत होती.

“ताई, किती जर्दाळू खाल्लेस?”

“तू आणलेल्यातले चार खाल्ले, तेवढ्यात छाती भरून आली.”

“आमचा माल चोख आहे. सल्फाइट अगदी मर्यादेत असतं. त्यानंच तर असा सोनेरी रंग टिकतो.”

“दम्याच्या माणसाला ते बाधतं, हे ठाऊक होतं तुला?”

“पाकिटावर छापलंय की. कायदाच आहे तसा.”

“चष्मा लावून वाचायला गेले मी. त्यावर तुझ्या दुकानाचा किमतीचा स्टिकर होता.”

“गिऱ्हाइकाला किंमत दिसायला नको?”

“ती नेमकी तिथंच?”

“बाकी पाकीटभर जर्दाळूचं चित्र आहे. ते झाकलं तर घेईल कोण?”

“तुमच्या घरी कुठले खाता?”

“बिनसल्फाइटचे, काळपट. आमच्या हिला शिंका येतात ना.”

नर्सनं ताईंना आत बोलावलं.

“ताई, डॉक्टरांना सांग, धुळीनं झालं. दुकानाचं नाव काढू नकोस.”

“नाही काढत. भावानं धूळ चारली, एवढंच सांगते.”