मोटरवरचं लहान चाक

रिमोटच्या ट्रकांची अंतिम शर्यत सुरू व्हायची होती. तपासणीच्या रांगेत माझ्यापुढे एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी उभी होती.

"अगं, मोटरवरचं दातेरी चाक बदललंस?"

"हो बाबा, लहान लावलं. मोठ्या चाकाने मोटर इतकी तापायची की बोट टेकवत नव्हतं."

"पंखा बसवलाय ना मी!"

"पंखा वारा घालेल, ओझं थोडंच कमी करेल?"

"वेग कमी होईल गं. सगळे पुढे निघून जातील."

"सुरुवातीला जाऊ देत. मागच्या वेळी आपणही पुढेच होतो, धूर निघेपर्यंत."

"आणि हरलीस तर?"

"तर हरेन. पण ट्रक मी चालवणार, तर चाकही मीच ठरवणार."

"बरं बाई. मग मी काय करू?"

"कुंपणाबाहेर उभे राहा. आणि वळण आलं की 'सांभाळ, सांभाळ' असं ओरडू नका."