नोरीनवरची जकात

— नाही, तो पंखा नाही विकायचा, बाई. ठेवा तो खाली. बाकी काहीही उचला — टोस्टर घ्या, मिक्सर घ्या, तो दिवा घ्या, सगळा परदेशी माल, सगळा घराबाहेर काढायचाय मला. आज गावभर सेल आहे, जो तो आपापल्या गॅरेजपुढे टेबलं मांडून बसलाय, म्हटलं हाच मुहूर्त. पंखा मी नुसता वाऱ्यासाठी लावलाय. हा आपल्या गावचा, मक्याच्या कोठारांपलीकडच्या कारखान्यातला, आणि मोटरीची तार गुंडाळायच्या खात्यात मी होतो — हाच पंखा माझ्या हातचा असं नाही म्हणत, पण असूही शकतो. कारखाना? गेला. मेक्सिकोला गेला, तिथूनही पुढे कुठे गेला, आम्हाला कुणी पत्ता कळवला नाही. आता त्या शेडमध्ये गोदाम आहे. आणि गोदामात काय असतं, विचारा. पंखे. बाहेरून आलेले. त्या रस्त्याने जायची वेळ आली की मी अजून मान वळवतो. म्हणून वॉशिंग्टनवाल्यांनी बाहेरच्या मालावर जकात बसवली ना, त्या दिवशी मी जेवणाच्या टेबलावर उभा राहून टाळ्या वाजवल्या. टेबलापाशी म्हणजे. टेबलावर नाही.

लोक विचारतात, जकात भरतं कोण. अहो, समोरचा भरतो, साधी गोष्ट आहे. मी घरात करून पाहिलंय. कॉफीचा रिकामा डबा ओट्यावर ठेवला, बायकोला म्हटलं, नोरीन, यापुढे बाहेरच्या देशाचं काही घरात आणलंस तर दर वस्तूमागे या डब्यात पैसे टाकायचे. ती बिचारी — बिचारी कसली — बरं म्हणाली. चपला आणल्या, टाकले. छत्री आणली, टाकले. डबा भरत चालला, मी खूश. फक्त सकाळचं बेकन कमी व्हायला लागलं. आधी पातळ झालं, मग रविवारपुरतं उरलं, मग रविवारीही दिसेना. म्हटलं, नोरीन, बेकन कुठंय? म्हणाली, डब्यात. — घरखर्चातूनच टाकत होती ती. आता याला काय म्हणायचं? मी म्हटलं, हे तात्पुरतं आहे, देशासाठी थोडी कळ सोसावी लागते. ती म्हणाली, सोस. आणि मग तिनं उलट जकात सुरू केली. ड्वेन, म्हणाली, कॉफी कुठल्या राज्यात पिकते? मी म्हटलं, हवाईत पिकते. म्हणाली, मग जा, घेऊन ये. दुसऱ्या दिवसापासून कपात गरम पाणी. केळी बंद. माझे केस तीच कापते इतकी वर्षं — म्हटलं यात तर बाहेरचं काही नाही, अगदी घरचं काम — तर कात्री जर्मन निघाली. म्हणून हे डोकं असं. तुम्ही मघापासून बघताय ते कळतंय मला.

पण मी मागे हटलो नाही. कारण कसं आहे, आपण जगाचे पुढारी. आणि पुढारी म्हणजे काय? पुढारी म्हणजे ज्याच्याकडे बाकीचे चालत येतात. तो जागचा हलत नाही. इतकी वर्षं आपण काय केलं? ज्याच्या त्याच्या दारात जाऊन विचारलं, कसे आहात, काही हवंय का, आमचं काही चुकलं का — आणि मिळालं काय? गोदाम. तेव्हा आता बसायचं. बसून राहायचं. गरज त्यांना आहे, येतील. एक ना एक दिवस येतील सगळे, टोपी हातात घेऊन — तुम्ही तिकडूनच आलात ना? समोरून? नाही, ती पिशवी ओळखीची वाटली म्हणून. समोरच्या मार्सेलाच्या गॅरेजपुढे बरीच गर्दी दिसतेय सकाळपासून. भाव काय लावलाय त्यांनी? — इतका कमी? हां. अशीच चौकशी आपली, बाजार कळलेला बरा. आणि ती निळ्या टोपीतली — ती बोलली का काही? ठीक दिसत होती?

अहो, आहे माझी बायको. तीच नोरीन. सकाळपासून तिकडे आहे. रस्ता ओलांडून, बस. त्यात एवढं डोळे मोठे करण्यासारखं काही नाही, वाटाघाटी चालल्यात असं समजा. झालं काय — आता विचारलंतच म्हणून सांगतो — सकाळी मी सामान मांडत होतो. एकेक वस्तू उलटी करायची, खाली देश वाचायचा, बाहेरचा निघाला की किमतीचं स्टिकर लावायचं, टेबलावर ठेवायची. नियम म्हणजे नियम, त्यात माझं-तुझं करायचं नाही. आणि तिचं शिवणयंत्र जपानी निघालं. हो, लावलं स्टिकर. काय करणार होतो? अर्ध्या गावातल्या नवऱ्या मुलींचे झगे तिनं त्याच्यावर शिवलेत, मला काय माहीत नाही का ते? पण देश लिहिलेला होता, बाई, स्वच्छ लिहिलेला होता. ती बाहेर आली, तिनं बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं ते स्टिकर नखानं हळूच काढलं आणि माझ्या छातीवर लावलं. हे बघा. तीन डॉलर. माझंच अक्षर आहे.

मग यंत्र उचललं आणि चालायला लागली. परत आली, बिडाचा तवा नेला. परत आली, आजीचं कणीक मळायचं भांडं नेलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं — अख्ख्या घरात देशी म्हणावं असं जे काही होतं ते सगळं तिचंच होतं. मी आत जाऊन बघितलं. माझी आरामखुर्ची, टीव्ही, हातोडे, अंगणातला झेंडा — सगळं बाहेरचं, झेंडासुद्धा, बाई. उलटा करून वाचू नका. राहिला तो हा पंखा. आणि संध्याकाळी सेल संपला की मार्सेला तिला बहिणीकडे नेऊन सोडणार आहे, केंटकीला. मार्सेलानेच ओरडून सांगितलं कुंपणावरून. किती दिवसांसाठी, ते नाही सांगितलं. मी विचारलं नाही. पुढाऱ्याने विचारायचं नसतं.

एक मात्र लागलं मनाला. तिकडे तिच्यापाशी त्या दोन खुर्च्या दिसतायत? हिरव्या पट्ट्यांच्या, घडीच्या? आमच्या आहेत. पट्ट्या झिजल्या तेव्हा नोरीननेच नव्या विणल्या, अंगणात मांडून बसतो आम्ही उन्हाळ्यात — बोलतोच असं नाही, बसतो. एक नेली असती तर समजलो असतो. दोन्ही नेल्या. म्हणजे मी दिवसभर उभं राहावं म्हणून. सकाळपासून टेकलो नाहीये मी, गुडघे बोलायला लागलेत. आणि ती दुसरी नुसती अडवून ठेवलीय, वर पिशवी ठेवलीय, बसत कुणी नाही — काय? तुम्ही बसायला गेला होतात? मग? — कोण येणार आहे म्हणाली? कुणाची जागा? नाव घेतलं? नाही घेतलं. मार्सेलाची असेल. नाही, मार्सेला कुठे बसते, ती तर भिरभिरतेय सकाळपासून. आणि चर्चच्या फादरनाही उठवलं? तुमच्या देखत? फादरना म्हणाली, ही रिकामी नाही?

हात्तिच्या.

ऊन आलंय तिच्यावर. मघा झाडाची सावली होती तिथे, आता ऊन आलंय. तिला सोसत नाही ऊन, डोकं धरून बसते मग. तो पंखा द्या इकडे. मार्सेलाच्या ओसरीला प्लग आहे, पण याची वायर हातभरच — आम्ही आखूडच लावायचो, वरून हुकूम होता, तांबं वाचवा. त्या खोक्यातली पिवळी लांब वायर काढा बरं. हो, चीनचीच आहे. माहितीये मला. विकायची नाही आता ती. नाही, तुम्ही नका नेऊ, आणि काही सांगूबिंगू नका तिला, मी — थांबा. तिनं काय केलं आत्ता? खुर्चीवरची पिशवी उचलली? खाली ठेवली का? बघा ना नीट, माझा चष्मा आत राहिलाय.

छातीवरचं असू दे. काढू नका, तिनं लावलंय. व्हा बाजूला, बाई, रस्ता द्या. टोस्टर घेऊन जा तसाच. जाताना तेवढी ती पाटी उलटी करा, दुकान बंद आहे.