हजेरीपटावरची नऊ नावं

प्राचार्य साहेब, संस्थेची मंडळी, कांबळे वहिनी, आणि इथं जमलेल्या सगळ्यांनो,

मी चौगुले. या कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. आर्ट्सचे प्रवेश माझ्या टेबलावर होतात. मला भाषणाची सवय न्हाय. बावीस वर्षं खिडकीच्या आतून 'झेरॉक्स जोडा' आणि 'उद्या या' एवढंच बोलत आलोय. आज पहिल्यांदाच माईकसमोर उभा आहे. आवाज चढला तर सांभाळून घ्या. दुःख झालंच आहे. पण खरं सांगू? राग जास्त आलाय.

कशाचा राग? या भरलेल्या सभागृहाचा. जरा मागं वळून बघा की. खुर्च्या पुरल्या नाहीत. जिन्यापर्यंत माणसं उभी आहेत. आणि कांबळे सरांच्या इतिहासाच्या वर्गात गेल्या वर्षी किती पोरं होती? तिसऱ्या बाकाच्या मागं कुणी नव्हतं. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या दारात सर जूनमध्ये फॉर्म घेऊन आले होते. तुम्ही बसायला खुर्ची दिलीत, चहा दिलात, आणि म्हणालात, "सर, तुमच्यावर लई जीव हाय आमचा. पर पोरीला आर्ट्सला न्हाय घालणार. इतिहास शिकून काय राजवाड्यात ऱ्हायला जाणार हाय व्हय ती?" हसू नका. मी सरांच्या शेजारी बसलो होतो तेव्हा. सर पण हसले. बाहेर आल्यावर म्हणाले, "चौगुले, चहा चांगला होता."

मघापासून चौघांनी सांगितलं, सरांच्या जाण्यानं पोकळी निर्माण झाली. कसली पोकळी? जागा रिकामी झाली. आणि ती भरायची नाही असा कागद माझ्या टेबलावर आलाय. शनिवारपर्यंत ठरलेली संख्या झाली नाही तर इतिहास विषयच या वर्षीपासून बंद. हे इथं कुणी बोललं नाही. मी बोलतो.

चार पोरं कमी आहेत. फक्त चार. सर त्या चौघांसाठीच गेल्या आठवड्यात गडमुडशिंगीला गेले होते. एका घरातून बाहेर पडले, स्कूटरला किक मारली, आणि तिथंच छातीत कळ आली. दवाखान्यातून त्यांच्या वस्तू घ्यायला मी गेलो होतो. शर्टाच्या खिशात यादी होती. गावं, नावं, आणि पुढं बारीक अक्षरात, 'वडील विचार करून सांगतो म्हणाले', 'आई तयार, आजोबा नाही'. ही बघा. ही ती यादी.

सर हजेरी कशी घ्यायचे, ते त्यांच्या पोरांना माहीत आहे. नाव पुकारायचे. उत्तर आलं नाही तर लगेच गैरहजर लिहायचे नाहीत. पेन तसंच धरून दाराकडं बघत थांबायचे. मनात पाच आकडे मोजायचे. मी एकदा नोटीस घेऊन वर्गात गेलो तर माझीच चुळबुळ झाली. म्हटलं, "सर, कशाला थांबताय? पोरगं आलेलं न्हाय." म्हणाले, "जिन्यात असलं तर? आपण लिहून मोकळं व्हायचं आणि ते दारात येऊन ऐकायचं, की आपल्यावाचून पुढं गेलं सगळं?"

कुणी तीन दिवस आलं नाही की सर ऑफिसात येऊन पत्ता मागायचे. हुपरीची एस.टी. उशिरा पोचते म्हणून पहिला तास अर्धा तास पुढं ढकलायला ते दोन महिने भांडले. शनिवारी पोरांकडून एक उत्तर लिहून घ्यायचे, आणि सोमवारी तपासून परत. एकही सोमवार चुकला नाही. आपल्या कॉलेजात 'विद्यार्थी यश कक्ष' अशी पाटी लावलेली खोली आहे. तपासणीला कमिटी येणार होती तेव्हा पाटी रंगवली. आत मोडके बाक आहेत. किल्ली माझ्याकडं असते, म्हणून सांगतो. सरांनी ती किल्ली कधी मागितली नाही. त्यांचा कक्ष स्कूटरवर होता.

आता मूळ गोष्ट. प्राचार्य साहेब, तुम्ही शांतपणे ऐका. नंतर काय करायचं ते करा.

तीन वर्षांपूर्वी वहिनींचं ऑपरेशन होतं. सर पूर्ण जून सुट्टीवर होते. गावं फिरायला कुणी गेलं नाही. बाकीच्या प्राध्यापकांनी आपापले विषय सांभाळले. इतिहासाला नऊ पोरं कमी पडली. मी आकडा बघत होतो रोज. सर परत यायच्या आधी त्यांचा विषय गेलेला असणार, हे मला दिसत होतं. माझ्या खणात चौकशीला येऊन परत न फिरकलेल्या पोरांच्या मार्कलिस्टच्या झेरॉक्स होत्या. त्यातल्या नऊ काढल्या. नऊ फॉर्म भरले. सह्या मीच केल्या. व्हय, मी केल्या. पालकांच्या पण. मला वाटलं, मी सरांवर उपकार करतोय. कागदावरची पोरं कागदावर राहतील, विषय वाचेल, आणि कुणाला कळणार नाही.

एवढी वर्षं सरांबरोबर काढून मी हे विसरलो, की हा माणूस यादीतलं प्रत्येक नाव पुकारतो.

पुकारली की त्यांनी नऊच्या नऊ. रोज. प्रत्येक नावाला दाराकडं बघत थांबायचे. चौथ्या दिवशी ऑफिसात आले. "चौगुले, ही नऊ पोरं कुठं आहेत? पत्ते द्या." मी म्हटलं, "येतील की सर, पेरणीचे दिवस हायत." म्हणाले, "द्या हो, रविवार मोकळाच आहे माझा." दिले पत्ते. काय करणार होतो? मनात म्हटलं, दोन घरं फिरतील आणि कंटाळतील.

सोमवारी आले. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. "हुपरीला गेलो होतो. तेजश्रीच्या घरी. पोरगी मजुरीवर चांदीच्या पैंजणांना घुंगरू जोडत बसली होती. तिला माहीतच नाही तिचा प्रवेश झालाय ते." मी मान खाली घातली. आता नोकरी गेली, एवढंच डोक्यात. तर सर म्हणाले, "ती काय म्हणाली ऐका. म्हणाली, सर, तुम्ही माझं नाव रोज घेताय? मग उद्यापासून आले तर चालंल?"

तेजश्री, बाळ, ऊठ जरा. बघा. तिसऱ्या रांगेत आहे ती. यंदा बी.ए. झाली. सर गेले त्याच्या आधी पंधरा दिवस तिचा निकाल लागला. तिच्या पहिल्या वर्षाच्या फॉर्मवर तिची सही नाही. माझी आहे. बस बाळ.

सर मला ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "चौगुले, खोटी नावं आहेत ही. एकतर खरी करायची, नाहीतर खोडायची. तिसरं काही मला जमायचं नाही." पुढं चार रविवार मी त्यांच्या स्कूटरवर मागं बसून फिरलो. एका पोरीचं लग्न झालं होतं. एक पोरगा वारणानगरला कारखान्यात लागला होता. एकाच्या बापानं दारातूनच हात जोडले. नऊतली तीन आली. शेवटच्या रविवारी सरांनी सहा नावांवर रेघ मारली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, आकडा चुकलाय, सहा कमी आहेत.

साहेब, तुम्ही विचारलंत, ही नावं कुणी घातली? सर म्हणाले, "विभाग माझा आहे. जबाबदारी माझी." वर्ग सुरू झाले होते म्हणून त्या वर्षी विषय राहिला, पण तुम्ही त्यांना मेमो दिलात. तो मेमो टाईप कुणी केला? मी. 'निष्काळजीपणा' हा शब्द माझ्या बोटांनी लिहिला. सही घ्यायला तो मीच त्यांच्याकडं नेला. त्यांनी सही केली आणि विचारलं, "जेवलात का?"

तीन वर्षं मी गप्प होतो. मीटिंगमध्ये कुणीही म्हणायचं, इतिहासवाल्यांचे आकडे खोटे असतात. सर ऐकून घ्यायचे. मी पाणी भरायचं निमित्त करून बाहेर जायचो. विषय बंद करायचा जो कागद आलाय, त्यात त्या मेमोचा उल्लेख आहे. म्हणजे माझ्या सह्यांनी मी विषय वाचवला नाही. माझ्या सह्यांनीच तो बुडतोय. वहिनी, मला हे तुमच्या घरी येऊन सांगायला हवं होतं. सर असताना सांगायला हवं होतं. धाडस झालं नाही. चुकलो मी.

हे माझं लेखी पत्र. साहेब, इथंच तुमच्या हातात देतोय. सगळ्यांसमोर. सरांच्या नावावरचा तो मेमो काढा. माझ्या नावावर दहा घाला. आणि विषय बंद करायचाच असेल तर पोरं नाहीत म्हणून करा, कांबळे सर खोटं वागले म्हणून करू नका.

आणि मंडळी, तुम्ही. हार आणलेत, लई फुलं आणलीत. सरांना फुलं नको होती हो. चार पोरं हवी होती. तुमच्यातल्या कुणाच्या घरात बारावी झालेलं पोर असेल, त्याला एकदा नुसतं विचारा, तुला काय शिकायचंय. त्यानं नाही म्हटलं तर राहू दे. पण विचारा तरी.

ज्या घरातून सर शेवटचे बाहेर पडले, त्या घरातल्या मुलीचं नाव यादीत शेवटी आहे. पुढं सरांनी लिहिलंय, 'परत जायचं'. सभा संपली की मी आणि तेजश्री तिकडं निघालोय. या वेळी फॉर्म कोरा नेतोय. सही तिची तीच करेल.

आता सगळ्यांनी उभं राहूया. दोन मिनिटं नको. सर थांबायचे तेवढंच. पाच आकडे. आणि खाली मान घालू नका. सर बघायचे तसं, त्या दाराकडं बघा.