कप चुकला, चेहरा जमला

मावशी: खरं सांग, काचेवर ठेवून गिरवलंस ना हे चित्र?

आई: नाही हो, मावशी.

मावशी: गिरवायला माझी ना नाही. सगळेच कधी ना कधी गिरवतात. पण मग मी काय बोलायचं? या क्लासात माझा नियम एकच. प्रत्येक कागदावर एक चांगलं सांगायचं, एक चुकलेलं आणि एक उद्यासाठी. गिरवलेल्यात चुकलेलं सापडत नाही. माझा धंदा बसतो.

आई: समोर बसून काढलंय. मुलगी दुपारची झोपली होती, तेव्हा.

मावशी: बरं, मग हा तुझा कप बघ. तोंड गोल गरगरीत आणि बूड पट्टीने आखल्यासारखं सपाट. यात पाणी ओतलं तर ते कुठे जावं? ही खुर्ची बघ. मागचे पाय पुढच्या पायांच्या बरोबरीला येऊन बसलेत. आणि हा बूट. खाली 'बूट' लिहिलंस ते बरं केलंस.

आई: बुटाचं चांगलं काय?

मावशी: नाडी. नाडी झकास आहे. आणि ज्या हाताने हा बूट काढला, त्याच हाताने लेकीचा हा चेहरा काढला असं तू मला सांगतेस.

आई: चेहऱ्यात चुकलंय का फार?

मावशी: फार? अगं, नवशिका चेहरा काढतो म्हणजे काय काढतो? दोन बदाम, त्यात दोन गोट्या, मध्ये इंग्रजी एलसारखं नाक. आणि डोळे पार कपाळात. सगळ्यांचे तसेच येतात, माझेही तसेच यायचे. तुझे बरोबर जागच्या जागी आहेत. मिटलेल्या पापणीखाली बुबुळाचा उंचवटासुद्धा दिसतोय. हे मला जमेपर्यंत माझे केस पिकले. म्हणून विचारलं, गिरवलंस का.

आई: मी निघू का? बाकीच्या सगळ्या गेल्या. खाली मुलीचा पोहण्याचा क्लास सुटेल आता.

मावशी: सुटायला अवकाश आहे. खालून शिट्ट्या ऐकू येतायत अजून. बस त्या स्टुलावर. बेसिनवर आरसा आहे, त्यात बघ आणि स्वतःला काढ. मी इथेच बसते.

आई: आरसा नको. तुम्हाला काढू का?

मावशी: माझ्यात काय आहे, सुरकुत्यांचा गुंता. आरशातच बघ. काढ.

आई: बरं.

मावशी: पेन्सिल इतकी आवळू नको, पळून नाही जात ती. हं. चालू दे.

आई: बोललेलं चालेल ना? गप्प बसले की हात अडखळतो.

मावशी: बोल की. काढताना मनात काय म्हणतेस?

आई: कप काढताना म्हणते, हे तोंड, हा कान, हे बूड. इथे काहीच म्हणत नाही. इथे नुसता चढ आहे. मग सावली. मग उतार.

मावशी: हे नाक, असं म्हणत नाहीस?

आई: नाक आहे ते माहीत आहे. कोणाचं, ते नाही.

मावशी: कोणाचं म्हणजे? आरशात तूच आहेस की.

आई: असणार. ओठांखाली ही कॉलर काढली ना, त्या पिवळ्या शर्टातली ती मी.

मावशी: थांब. पेन्सिल ठेव खाली. काय म्हणालीस?

आई: काही नाही.

मावशी: मी म्हातारी आहे, बहिरी नाही. 'असणार' म्हणालीस.

आई: मावशी, मला चेहरे कळत नाहीत. लहानपणापासूनच. डोळे चांगले आहेत, डॉक्टरांनी दोनदा तपासलेत. डोळा दिसतो, नाक दिसतं, हनुवटी दिसते. पण सगळं मिळून कोण, ते उमटत नाही. नदीकाठचे गोटे असतात ना? एकेक गोटा नीट दिसतो. पण पाठ फिरवली आणि कोणी म्हणालं, मघाचा दाखव, तर कुठला दाखवणार?

मावशी: मला कशी ओळखतेस मग?

आई: चपलांच्या फटफटीवरून. आणि टर्पेंटाइनच्या वासावरून.

मावशी: छान. आणि तुझ्या त्या औषधांच्या दुकानात?

आई: गिऱ्हाईक खोकल्यावरून कळतं. नवरा चालीवरून. एकदा त्याने नवे बूट घेतले आणि मी दारच उघडलं नव्हतं.

मावशी: हसू नये, पण हसू आलं बघ. आणि लेक?

आई: ती लांबूनच म्हणायची, 'आई, मी आले.' मी शिकवलं नव्हतं. चालायला लागली तेव्हापासून तिनंच धरलेली सवय.

मावशी: म्हणायची? आता नाही म्हणत?

आई: मागच्या महिन्यात खाली तलावातून मुली बाहेर आल्या. सगळ्यांच्या त्याच निळ्या टोप्या, तेच गॉगल. मी टॉवेल उघडून पुढे झाले, एकीला गुंडाळलं, तोंड पुसायला लागले. ती म्हणाली, 'काकू, मी तुमची नाही.' माझी शेजारीच उभी होती, कुडकुडत.

मावशी: अरे देवा. काही बोलली ती?

आई: तेव्हा नाही आणि नंतरही नाही. आता गप्प येऊन उभी राहते आणि मी ओळखते का बघते. एकदा मी दप्तरावरून ओळखलं, तर दुसऱ्या दिवशी दप्तर मैत्रिणीच्या पाठीवर देऊन आली.

मावशी: तिला माहीत नाही का, तुझं हे असं?

आई: सगळं सांगितलंय. 'समजलं' म्हणाली. मग रात्री जेवताना विचारते, 'पण आई, मी सगळ्यांसारखीच आहे का गं?' काय सांगायचं हो? म्हणून हा क्लास लावला. म्हटलं, डोक्याला कळत नाही तर निदान हाताला तरी कळेल.

मावशी: आता माझं ऐक. मी कोणाला असं कधी बोललेले नाही. आम्ही चेहरा बघतो आणि नाव चिकटवून मोकळे होतो. ही शेजारीण, हा पोस्टमन. पुढे बघतच नाही. मग काढायला बसलो की डोक्यातलं साचेबंद नाक मध्ये येतं. ते नाक विसरण्यात माझा जन्म गेला. आणि तुझ्या डोक्यात ते कधी आलंच नाही. कप तुला पाठ आहे, म्हणून तो चुकतो. चेहरा तू दर वेळी पहिल्यांदाच बघतेस. काटा आला बघ हातावर.

आई: मला नको आहे ते. कोणाला हवं तर देऊन टाकते. मला एकदा माझी पोर ओळखायची आहे, बाकी काही नको.

मावशी: हो गं. मी आपली माझ्याच कौतुकात. बरं, नियमाप्रमाणे जाऊ. तुझं चुकलेलं सापडलं मला.

आई: काय?

मावशी: तू सगळं सारख्याच मनाने काढतेस. उशीचं बटण आणि पोरीचा ओठ, दोन्ही तितकेच काळे. न्यायनिवाडा तसा करावा, चित्राला थोडा पक्षपात लागतो. जे फक्त तिचं आहे, तिथे हात जड पडायला हवा.

आई: फक्त तिचं काय, तेच तर मला कळत नाही.

मावशी: तुझ्या हाताला कळलंय. आजवर काढलेल्या तिच्या चेहऱ्यांचा तो सगळा गठ्ठा जमिनीवर पसर. हां, अशी खाली बस. आता तळहाताने बाकीचं झाक आणि नुसता वरचा ओठ बघ.

आई: याला दोन कमानी आहेत. एक उंच, एक बसकी.

मावशी: पुढच्या कागदावर?

आई: तशाच. एक उंच, एक बसकी. इथे ती कुशीवर वळली होती, तरी... हो, इथेही. आणि बसक्या बाजूला, नाकपुडीशी, एक बारीक चुणी आहे.

मावशी: सगळ्यांत?

आई: सगळ्यांत. मावशी, मी हे मुद्दाम नाही काढलं.

मावशी: ठाऊक आहे. मुद्दाम काढणाऱ्याला हे जमत नाही. आता तो आरशातला कागद आण. ठेव तिच्या शेजारी. ओठाएवढं उघडं ठेव, बाकी झाक.

आई: हा.

मावशी: आरशात डावं-उजवं उलटतं, तेवढं सोडून दे. बघ.

आई: मी चुकून तिचाच कागद उचलला वाटतं.

मावशी: हात काढ. खाली शर्टाची कॉलर आहे ना?

आई: आहे.

मावशी: मग?

आई: मावशी.

मावशी: बोल, बाळा.

आई: चुणीसुद्धा आहे.

मावशी: आहे. तू पहिल्यांदा तिचं चित्र आणलंस तेव्हाच मला दिसली होती. मला वाटलं, तुला ठाऊकच असणार. सांगण्यासारखं काय त्यात?

आई: सगळे म्हणायचे, पोर आईवर गेलीय. सासूबाई म्हणायच्या, दवाखान्यातली नर्सही म्हणाली होती. मी हो हो करायचे. मला वाटायचं, बाळ बघायला आलं की काहीतरी बोलावं लागतं, म्हणून बोलतात लोक.

मावशी: आणि आता?

आई: खरंच बोलत होते हो.

मावशी: बोट लाव ओठाला. सापडली बसकी बाजू?

आई: सापडली. इतकी वर्षं इथेच होती?

मावशी: कुठे जाणार? नमुना तुझ्याच तोंडावर आहे. विसरलीस तर बोट लावायचं आणि बघायचं. डोळे पूस आधी. ओल्या डोळ्यांनी रेघ दिसत नाही.

आई: उद्यासाठी काय करू?

मावशी: उद्याचं उद्या. शिट्ट्या थांबल्या बघ. जिन्यात पावलं वाजतायत.

आई: एकटीची नाहीत.

मावशी: दोघी-तिघी असतील. ओल्या पायांनी वर कशाला येतायत?

आई: तिनंच आणलं असेल. टोप्या काढू नका, गॉगल काढू नका म्हणाली असेल. मावशी, तुम्ही खूण करू नका हं.

मावशी: मी कसली खूण करते? मी तुझ्या लेकीला झोपेतच पाहिलंय, तेही कागदावर.

(दारात तीन मुली येऊन उभ्या राहतात. निळ्या टोप्या, काळे गॉगल, खांद्यांवर सारखेच पांढरे टॉवेल. एकही बोलत नाही.)

मावशी: या गं, आत या. फरशी ओली झाली तरी चालेल.

आई: जरा खिडकीकडे तोंड करा, तिघी. हं. आणि हसू नका गं, हसलं की ओठ पसरतो.

मावशी: मी आपली ब्रश धुते.

आई: नाही. तू नाही. तू... थांब हं, हनुवटी वर कर. नाही, तूही नाही. तू ये इकडे. ये अशी जवळ. किती गारठलीस. काढ ती टोपी, डोकं पुसते.

मुलगी: आई, मी अजून काहीच बोलले नव्हते.

आई: नव्हतीच बोललीस. दिसलीस मला.