फुग्याचं नवीन पुस्तक

फुगा म्हणालात ना आत्ता? — नाही, ऐकू आलं मला, कान शाबूत आहेत अजून, पण परत एकदा म्हणा. ‘फुग्याचं नवीन पुस्तक आलंय का.’ हं. म्हणजे असं आहे, ह्या पुस्तकांना फुगा म्हणणारं माणूस माझ्या दुकानात एकच यायचं. बाकीचे ते लांबलचक इंग्रजी नाव घेतात, नाहीतर मोबाईल नाकासमोर धरतात — हे आहे का, काकू? मुखपृष्ठावर तो काटेरी मासा असतो ना, रागावून अंग फुगवून बसलेला, त्यावरून फुगा. तुम्ही कुठून उचललात हा शब्द? — ऑफिसात सगळेच म्हणतात? सगळेच म्हणजे पहिल्यांदा कुणीतरी म्हटलं असेलच की. बरं, असू दे. बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय आखूड आहे, इकडे बसा. घाई आहे? — जेवणाची सुट्टी, म्हणजे घाई नाही. मी तरी काय, सकाळपासून तुम्ही दुसऱ्या. पहिला पत्ता विचारायला आला होता.

आलीत, दोन आलीत. एक हे पातळ, डिस्कवर माहिती कुलूप लावून कशी ठेवायची त्याचं. हे घेऊन जा खुशाल. दुसरं जाड, फायरवॉलचं, मशीनमध्ये कुणाला सोडायचं आणि कुणाला अडवायचं त्या नियमांचं — ते तुम्हाला हवंय? तेच हवंय. ते नाही मिळायचं. — अहो, आहे ना, काचेत लावलंय, माशाचं तोंड रस्त्याकडे करून, तुम्हाला तिथूनच दिसलं असणार. पण ते विकायचं नाही. माझा वितरक मला वेड्यात काढत होता — बाई, तुमच्याकडे परीक्षेची गाइडं खपत नाहीत आणि तुम्ही हे कशाला मागवताय, कोण घेणार आहे हे? म्हटलं, तू पाठव रे बाबा, कोण घेणार ते मी बघते. आता तुम्ही आलात तर मीच देत नाही म्हणतेय. आहे की नाही वेडेपणा.

तुम्ही त्यातल्याच, तुम्हाला मी काय सांगायचं, पण मला जेवढं कळलंय तेवढं सांगते, चुकलं तर हसू नका. कॉम्प्युटरची एक सिस्टीम, हा मासा तिचंच चिन्ह. फुकट. तिचं आतलं सगळं लिखाण उघडं — कुणीही वाचावं, चुका काढाव्यात. आणि गंमत बघा, आतलं सगळं जगाला दाखवणारी ही माणसं दार मात्र घट्ट लावून बसतात. मशीन सुरू केलं की सगळं बंद. मग तुम्हाला जे हवं ते एकेक करून आपल्या हातानं उघडायचं. ते म्हणायचे, लोक आधी सगळं सताड उघडं टाकतात आणि मग चोर कुठून शिरला म्हणून शोधत बसतात, आपलं उलट. — ते म्हणजे कोण काय, तेच, फुगेवाले. मी मनातल्या मनात फुगेवालेच म्हणायची. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, उंच, खांद्यात जरा वाकलेले, बोलायचे इतकं हळू की मला रेडिओ बंद करावा लागायचा. नवीन फुगा कधी येणार हे विचारायला यायचे. नसला आला की नसू दे म्हणायचे आणि तासभर उभे राहायचे.

मग एकदा माझ्या दुकानाच्या मशीनमध्ये काहीतरी घाण शिरली. कुठली पुस्तकं आहेत, कुठली मागवलीत, सगळं गेलं. मी इथं डोक्याला हात लावून बसले होते, आणि हे आले. म्हणाले, मी बघू का? शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि मागे त्या शिडीखाली जाऊन बसले, ते संध्याकाळी उठले. फुगा बसवला माझ्या दुकानात. वर म्हणाले, आता तुम्ही काही करायचं नाही, मी घरून लक्ष ठेवीन. घरून म्हणजे इंटरनेटवरून हो, आपल्या घरी बसून ह्या मशीनमध्ये यायचं, दारं-खिडक्या तपासायच्या, कुठं फट असली तर बुजवायची. मला काय, मी म्हटलं, चहा तरी घ्या. घेतला. साखर नको म्हणाले आणि मी सवयीनं घातली होती, तर तसाच प्यायले बिचारे.

आता खरी गंमत सांगते. दर काही दिवसांनी ह्यांचा फोन — अहो, माझ्या हातून घोटाळा झालाय, मी घरून नवीन नियम लावले आणि त्यात स्वतःलाच आत यायला द्यायचं राहिलं. सगळं अडवा लिहिलं, पण मला सोडा लिहायला विसरलो. आता मला दुकानात यावं लागणार. — तुम्ही हसताय. मीही हसायची. म्हणायची, एवढे हुशार तुम्ही आणि स्वतःच्याच घराबाहेर उभे. मग ते यायचे, मागे बसायचे, खटाखट काहीतरी करायचे, आणि मग चहा. आणि मग बोलणं. म्हणजे बोलणं मीच, ते ऐकायचे. हे गेल्यानंतर — माझे मिस्टर हो — मी इतकं कुणाशी बोलले नव्हते. घरी कोण आहे? चिरंजीव आणि सूनबाई लांब, फोनवर ‘आई, औषध घेतलं का’ आणि ‘ठेवते’. तुम्हाला सांगते, घरी गेल्यावर मी कधीकधी पुस्तकांची नावं मोठ्यानं वाचते, आपला आवाज आहे की गेला ते बघायला. एकटं वाटतं हो. त्यात लपवायचं काय.

तर ते यायचे. पुन्हा फोन, पुन्हा घोटाळा. आणि मी, मूर्ख बाई, मला त्यांची दया यायची. वाटायचं, वय झालंय, विसरतात, उगाच ह्या माणसाला बसनं एवढा हेलपाटा. तेवढ्यात चिरंजीव सुट्टीत आले. दुकानात बसले होते तेव्हा नेमके फुगेवाले मागे, शिडीखाली, गुडघे पोटाशी घेऊन. आई, हा कोण म्हातारा? — म्हातारा म्हणे. स्वतःचं टक्कल बघितलं नाही कधी. — आणि हे काय जुनाट ठोकळा घेऊन बसलीयेस? दुसऱ्याच दिवशी हे नवीन चकचकीत मशीन आलं, इथं गल्ल्यावर, आणि कंपनीचा माणूस, फोन केला की फोनवरच दुरुस्त करतो. मुलगा आहे, काळजीनं केलं, मी कशाला नाव ठेवू. आणि मग हे आले, तेव्हा मी अगदी आनंदानं सांगितलं त्यांना, की आता तुमचा हेलपाटा वाचला. आता तुम्हाला यायची गरज नाही.

बरं झालं, म्हणाले. हळूच. आणि चहा अर्धा ठेवून गेले.

नाही आले मग. पहिल्यांदा वाटलं, बरं नसेल. मग वाटलं, नवीन फुगा आला की येतील. फोन नंबर आहे की माझ्याकडे, पाठ आहे. पण करायचा तर काय म्हणून करायचा? आमच्यात काम होतं, काम संपलं. ह्या वयात एका बाईनं फोन करून काय म्हणायचं — सहज केला? माझ्या तोंडून ‘सहज’ निघत नाही हो. दोनदा नंबर लावला आणि वाजायच्या आत ठेवला. म्हणून मग ही पुस्तकं मागवली. म्हटलं, काचेत लावू, ह्या रस्त्यानं गेले तर दिसेल. जातात का ह्या रस्त्यानं, तेही माहीत नाही.

आणि गिऱ्हाईक नाही म्हटल्यावर मी काय करणार, वाचायला घेतलं. ते जाड. अर्ध्याहून जास्त डोक्यावरून गेलं, पण लिहिणारा माणूस मिश्कील आहे, अधूनमधून माणसासारखं बोलतो. त्यात एक प्रकरण आहे, लांबून नियम बदलताना काय काळजी घ्यायची त्याचं. तुम्हाला माहीत असेल. नियम लावायच्या आधी मशीनला सांगून ठेवायचं, की बाबा, थोड्या वेळानं जुने नियम आपोआप परत आण. म्हणजे समजा आपण बाहेर अडकलोच, तर चहा पिऊन यायचं, दार उघडलेलं असतं. कुठं जायला लागत नाही. — हो ना? अगदी साधं आहे ना? नवशिक्यालाही येतं? तेच त्यानं लिहिलंय. आणि पुढे लिहितो, प्रत्येक जण एकदा बाहेर अडकतोच, त्याशिवाय हे शिकत नाही, पण दुसऱ्यांदा अडकलेला माणूस मला अजून भेटायचाय.

मी ते पान परत वाचलं. मग चष्मा पुसला आणि परत वाचलं. म्हटलं, बाई, हा लेखक आपल्या दुकानात कधी आलेला दिसत नाही.

पण मग वाटलं, आपलंच मन काहीतरी रचतंय. एकट्या माणसाला असं होतं, कुणी नुसतं ‘बरं’ म्हटलं तरी त्यात अर्थ दिसायला लागतात. विसरतही असतील खरंच. वय आहे. कुणाला विचारणार? — थांबा, तुम्ही कुठं म्हणालात, कुठल्या ऑफिसात? पाणीपुरवठ्याच्या. तिथं कोण बघतं तुमची मशीनं? — निवृत्त आहेत. सल्लागार. — उंच आहेत? बोलतात कसे, मोठ्यानं? — हं. फुगा म्हणायला त्यांनीच शिकवलं. मला वाटलंच. तुम्ही फुगा म्हणालात तेव्हाच वाटलं होतं, पण मी म्हटलं, उगाच जीव टांगणीला लावून घ्यायचा नाही. बरे आहेत ना? — खोकला. असू दे, तो त्यांना पहिल्यापासून आहे. डबा आणतात? — नाही आणत. वाटलंच.

मला एक सांगा. नीट आठवून सांगा, माझ्यासाठी खोटं बोलू नका. तुमच्याकडे पंपांची मशीनं दूरदूर असतील ना, ती ते ऑफिसातूनच बघत असतील. तर तुमच्याकडे कधी असं झालंय का, की त्यांनी नियम लावले आणि स्वतःच बाहेर अडकले, आणि मग गाडी काढून तिथवर जावं लागलं? — एकदाही नाही? आधी परतीची सोय केल्याशिवाय तुम्हालाही हात लावू देत नाहीत? ओरडतात? ते ओरडतात?

नाही, काही नाही. धूळ आहे. ह्या दुकानात धूळ फार.

एकदाही नाही. आणि माझ्याकडे मात्र दर थोड्या दिवसांनी. बसनं. पावसापाण्याचं, उन्हातान्हाचं, एवढा शहाणा माणूस स्वतःच्या हातानं स्वतःला बाहेर काढायचा आणि मग इथं येऊन, चुकलो म्हणून, मान खाली घालून उभा राहायचा. आणि मी हसायची. आणि मी म्हटलं, आता तुम्हाला यायची गरज नाही.

ते पुस्तक त्यांनीच आणायला सांगितलं तुम्हाला? — स्वतः का नाही आले, विचारलंत? — काय म्हणाले? ‘तिथं माझं आता काही काम नाही.’ असंच म्हणाले? ह्याच शब्दांत? बरं.

तर मग ऐका. पुस्तक मी देणार नाही. पातळही ठेवा खाली. रिकाम्या हातानं जा आणि त्यांना सांगा, की दुकानातलं मागचं मशीन, तुमचं, ते अजून चालूच आहे, बाईंनी ते कधी बंदच केलं नाही. शिडीखाली एकटं घरघरत असतं. आणि सांगा, बाईंनी नवीन पुस्तक वाचून स्वतःच त्यावर नियम लिहिला. सगळं अडवा. आणि आता बाईंनाच आत जाता येत नाही, दार उघडायला तुम्हाला यावं लागेल. — हो, असंच सांगायचं. — माहीत आहे हो मला. लांबून काम करणारा बाहेर अडकतो, मशीनच्या समोर बसलेल्याला कोण अडवणार, खुर्ची ओढली की झालं. माहीत आहे. तुम्हाला हे जेवढं खोटं वाटतंय ना, त्यांना त्याहून जास्त वाटेल. वाटू दे. म्हणून तर सांगायचं. तुम्ही एक शब्द इकडचा तिकडे करू नका, दुरुस्त करून सांगू नका, हसू नका. — उठा आता. सुट्टी संपली असेल तुमची. आणि दार लावू नका, तसंच राहू द्या.