राखेत बसलेला भाचा

(आर्केडियातलं एक डोंगरी गाव. मिर्तोच्या चुलीपाशी, राखेत, तिचा भाचा थेरॉन मान खाली घालून बसला आहे. दारात तिचा दीर फेडीम.)

फेडीम : वहिनी, त्याच्याशी बोलू नका म्हणून किती वेळा सांगायचं? खुनाचा विटाळ आहे त्याला. तुम्ही माफ करेपर्यंत शब्द काढायचा नाही, अशी रीत आहे.

मिर्तो : रीत मला नका शिकवू, भावजी. मेला तो माझा मुलगा, आणि राखेत बसलाय तो माझ्या सख्ख्या बहिणीचा.

फेडीम : पंच चौकात खोळंबलेत. सूर्य डोंगराआड जायच्या आत काय ते सांगा. नाही म्हणालात, तर हा कायमचा वेशीबाहेर. परत दिसला तर पोरं दगड घालतील.

मिर्तो : त्यांना म्हणावं, म्हातारी विचार करतेय. आणि जाताना दार ओढून घ्या.

मिर्तो : गेला एकदाचा. मान वर कर रे, थेरॉन. अगंबाई, केस पिकले की तुझे!

थेरॉन : मावशी, तू आधी बोललीस म्हणून बोलतो. राजानं दिलेली सगळी प्रायश्चित्तं केली मी. द्राक्षमळे उकरणारं ते रानडुक्कर जिवंत बांधून आणलं. नदी वळवली. समुद्रापलीकडच्या टोळीच्या घोड्या आणल्या, त्यात हे बोट गेलं.

मिर्तो : शाब्बास. राजाला डुक्कर मिळालं, घोड्या मिळाल्या. मला काय मिळालं?

थेरॉन : तुझ्यापुढं येता यावं म्हणूनच केलं सगळं.

मिर्तो : माझ्या दामिसला काय डुकरानं मारलं होतं?

थेरॉन : थाळीफेकीच्या खेळात ती थाळी मी फेकली होती, मावशी.

मिर्तो : ते साऱ्या गावाला ठाऊक आहे. एका पांघरुणात झोपायचात रे दोघं.

थेरॉन : पांघरूण तो ओढायचा. सकाळी मात्र तुला सांगायचा, थेरॉननं ओढलं.

मिर्तो : आणि मी तुझाच कान पिळायचे.

थेरॉन : ती लंगडी शेळी आठवते? दया आली म्हणून पाठीवर घेऊन अख्खा डोंगर चढला. वर टेकवली, तर ती टणाटणा उड्या मारत खाली पळाली!

मिर्तो : हसवू नकोस, मेल्या. किती दिवसांनी कुणी त्याच्याबद्दल बोललं! म्हातारी रडेल म्हणून गावात त्याचं नावही काढत नाहीत. त्याचा बाप गेला, तुझी आई गेली. मला चेहरा आठवतो त्याचा, आवाज नाही आठवत.

थेरॉन : मावशी...

मिर्तो : माझंही एक काम कर. त्या दिवशी काय झालं ते सांग. खेळांच्या मैदानात बायकांना येऊ देत नाहीत. माझ्यापुढं आणून ठेवला तो झाकलेला.

थेरॉन : ते नको. दुसरं काहीही सांग. डोंगर फोड म्हण.

मिर्तो : फुटका डोंगर घेऊन मी काय करू? सांग.

थेरॉन : माझी पाळी होती. थाळी पडेल तिथं खूण करायला तो पुढं जाऊन उभा होता. नेहमी तोच जायचा. दुसरं कुणी गेलं तर तुझं हातभर अंतर चोरतील, म्हणायचा. मी फेकली, आणि वाऱ्यानं ती कलली. मी ओरडलो. त्याला वाटलं, मी आनंदानं ओरडतोय. तो दोन्ही हात वर करून पुढं धावला. "सगळ्यांच्या पुढं जातेय, थेऱ्या!" म्हणत.

मिर्तो : हसत होता?

थेरॉन : हसत होता.

मिर्तो : मला बरं वाटावं म्हणून तर सांगत नाहीस ना?

थेरॉन : मावशी, तेच हसू डोळ्यांपुढून जात नाही माझ्या.

मिर्तो : मला वाटायचं, घाबरला असेल पोर. मला हाक मारली असेल, आणि मी इथं जव दळत बसलेली.

फेडीम : वहिनी, दार उघडतोय. सूर्य गेला. पंचांना काय सांगू?

मिर्तो : सांगा, मिर्तोचा भाचा घरी आलाय. ऊठ रे राखेतून. एकटीपुरतंच पीठ मळायची सवय झालीय मला, आणखी घ्यावं लागेल.