दुसरी चाबी

माह्यं माहेर झरी जामणीकडचं, जंगलातलं गाव, बाप लाकडाच्या डेपोत ओंडके लोटे अन् माय लोकायच्या वावरात कापूस वेचाले जाये, अन् मी थोरली पोरगी तिच्या मांगं मांगं. माह्या हाताची तारीफ तवापासूनची हाय. पंजा बारीक, बोटं लांब, अन् बोटायले डोळे असल्यावानी. बोंडाचे टोकं सुकले का लय टोचतात भाऊ, बायायचे हात रगताळून जात, पण मी बोंडाकडे पाहोच नाई, गोष्टी करत जाये अन् बोटं आत जाऊन कापूस घेऊन येत, त्याले पाल्याचा कचरा लागलेला नसे. माय म्हणे, पोरी, तुह्या हाताले काही होऊ देऊ नको बाई.

मंग लग्न होऊन पांढरकवड्याले आली. माणूस मिस्त्री होता, हायवेवर ट्रकायच्या ग्यारेजात. पुढं मालकासोबत पटलं नाई तं यानं घरीच अंगणात निंबाखाली काम सुरू केलं. पह्यले मी त्याले अहो म्हणो, आता नुसतं ‘तो’ म्हणतो, तो आला, तो गेला, लोकायले वाईट वाटते, सुनेले तं लाजच वाटते, पण काहून ‘तो’ म्हणतो थे सांगतोच तुमाले, सांगाले तं बसली.

थे वर्षं कापसाचे लय वाईट होते. भाव नाई, पाणी नाई, पराट्या वावरात उभ्याच्या उभ्या लाल होऊन जात. ज्यायच्या दारात जीपगाड्या होत्या थे बी यवतमाळच्या मोठ्या ग्यारेजात जात नव्हते, म्हणत मिस्त्री, नवीन पार्ट टाकू नको, आहे थोच काढून साफ करून बसव. म्हणून गाड्या आमच्या अंगणात येत. त्यातल्या बहुतेक गाड्यायचा डायनामा खराब. आता डायनामा म्हंजे काय, इंजिनाच्या पंख्याजोळ एक पट्टा फिरते, त्या पट्ट्यावर चालते तो, बॅटरी भरते. त्याचा वरचा नट कोणीबी काढन. पण खालचा नट! तो असा अडचणीत बसवला हाय का तिथं नजर पोहोचत नाई, पाना फिरत नाई, अन् मर्द माणसाचा पंजा तं मनगटाच्या अलीकडेच अडकते. त्या एका नटापायी मिस्त्री लोक समोरचा सारा पसारा खोलत, दिवस जाये.

एक दिवस तो नटाले शिव्या देऊन राह्यला होता अन् मी चहा घेऊन गेली. म्हटलं, मी पाहू का? तो हासला. मी बांगड्या काढून ओट्यावर ठेवल्या, बारदाना हातरून गाडीखाली सरकली, अन् खालून हात घातला वर. भाऊ, मले तिथं काहीच नवीन नाई वाटलं. न पाहता हात आत जाणं, टोचलं तरी बोट मांगं न घेणं, मले दुसरं येतच काय होतं? त्यानं पाना कापून आखूड करून देला, मी पान्याच्या तोंडात कापसाचा बोळा दाबला म्हंजे सुटलेला नट त्यातच अडकून राह्यते, खाली पडत नाई. अर्ध्या घंट्यात डायनामा बाहेर. तो माह्या तोंडाकडे पाहातच राह्यला. त्या दिवशी मले त्याचा लय जीव वाटला, खोटं कायले सांगू.

पण म्हणे, कोणाले सांगू नको. म्हटलं, काहून? तं म्हणे, बाईनं इंजिनात हात घातला म्हटलं तं लोक गाडी देणार नाईत. म्या मान हालवली. तवापासून आमचं असं ठरलं, गिऱ्हाईक आलं का तो त्याले चौकातल्या हॉटेलात चहाले धाडे, गिऱ्हाईक वळणाआड गेलं का मी बारदाना घेऊन खाली. त्याचं नाव गाजलं, झरीपासून लोक येत, म्हणत हा मिस्त्री इंजिन न खोलता खालचा नट काढते. कोणी विचारलं का तो स्वताच्या हाताकडे पाहे अन् म्हणे, ताकद लागत नाई बाप्पा, अक्कल लागते. मी चुलीपाशी बसून आयको अन् हासो. मले तवा थे गोड वाटे, नवरा-बायकोचं एक गुपित.

फक्त माही एक अट होती. हात घालायच्या आधी चाबी माह्या पदराच्या गाठीत. खरं म्हंजे बॅटरीची वायर काढून ठेवा लागते, पह्यलं काम थेच, पण वायर गंजलेली राहे, काढाले टाइम लागे, अन् गिऱ्हाईक चहा पेऊन येते किती वेळात? तं आमच्या घरी चाबी पदरात हाच कायदा झाला. अन् कोणी अचानक आलंच तं तो पान्यानं बॉनेटवर दोनदा टकटक करे, म्हंजे हात काढ. पण हात जसा जाते तसाच येते भाऊ, हळूहळू, वाकवून, वळवून. वीस मोजा तवा बाहेर येते. हे त्याले माह्याइतकंच माहीत होतं.

त्या दिवशी गाडी मास्तरायची होती. मास्तर म्हंजे खेड्यावरचे रिटायर झालेले गुरुजी, देवमाणूस, मले वहिनी म्हणत. त्यायले धाडलं चहाले. पण त्या दिवशी कापसाच्या भावासाठी हायवेवर रस्ता रोको होता, बाजार बंद, हॉटेल बंद, हे आमच्या दोघायच्याबी ध्यानात नाई. मास्तर आल्या पावलीच परत आले. मी खाली होती, हात पार आत, नट अर्धा सुटलेला. मले मास्तरायच्या चपला दिसल्या. टकटक झालं. मी हात वळवाले लागली. मास्तर म्हणे, मिस्त्री, हॉटेल तं बंद हाय, झालं का काम, पाहू का लावून? अन् सीटवर बसले. मी म्हटलं बसू दे, चाबी तं माह्यापाशी हाय.

अन् मंग मले किल्ल्यायचा झुमका वाजल्याचा आवाज आला. मास्तरायच्या खिशात घरच्या किल्ल्यायसोबत गाडीची दुसरी चाबी होती.

तो आवाज मी खाली आयकला, तं यानं वर उभं राहून आयकला नसन? त्याचे पाय माह्या तोंडापासून हातभर दूर होते. म्हटलं आता म्हणन, मास्तर थांबा. दोन शब्द. मास्तर थांबा. इतकंच म्हणा लागत होतं, माह्यं नावबी घ्या लागत नव्हतं. त्यानं पुन्हा टकटक केलं. भाऊ, त्यानं पुन्हा बॉनेटवर टकटक केलं, पण तोंड नाई उघडलं.

इंजिन एकच झटका फिरलं. पट्टा ढिला झालेला होता म्हणून पंजा वाचला, पण अंगठ्याजोळचं बोट अर्धं गेलं अन् मधलं हे असं वाकडं झालं, पाहा. मी ओरडली नाई. पदराची गाठ दातात धरली, त्यातली चाबी दाताले लागली, थे लोखंड अजून मले तोंडात लागते. त्याची इज्जत म्या दातात धरली. मास्तर म्हणे, लागत नाई वाटते गाडी. तो म्हणे, तुमी घरात बसा मास्तर, पाणी प्या, मी पाहतो. मंग मले बाहेर ओढलं.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं कशानं झालं, तं म्या तोंड उघडायच्या आत हा म्हणे, कडबा कापायच्या मशीननं. आमच्या घरी गाय नाई, बैल नाई, अन् कडबा कापायची मशीन! डॉक्टरनं तसंच लिहिलं. तो कागद अजून पेटीत हाय. बोट गेल्याचं मले इतकं नाई, बोट जाते, कामाच्या माणसाचं जाते. पण माहा हात पट्ट्यात होता अन् त्याले माहीत होतं, अन् त्याले त्याच्या अकलेचं नाव माह्या हातापेक्षा मोठं वाटलं. याले दगा नाई म्हणत तं कायले म्हणतात? त्या दिवसापासून अहो म्हणाले माही जीभच वळत नाई.

मंग चार-पाच महिने त्याच्याकडून एक नट निंघाला नाई. गिऱ्हाइकायले सांगे, नजर कमी झाली. एक दिवस माह्यापाशी येऊन बसला, खाली पाहून म्हणे, डाव्या हातानं जमते का पाहतं? काय सांगू तुमाले, इतकी हासली मी, इतकी हासली का रडू आलं. म्हटलं जमते, पण आता गिऱ्हाईक चहाले जाणार नाई. इथंच खाटेवर बसन अन् पाहान. पुढच्या गाडीच्या टायमाले खाट त्यानंच आणून टाकली.

अन् लोकायनं गाडी देली, भाऊ! एकानंबी तोंड नाई वाकडं केलं. उलट म्हणत, बाईले बोलवा. ज्या भेवानं माह्यं बोट गेलं थे भेव खोटंच होतं.

मास्तर मांगच्या साली वारले. माह्या बोटाकडे पाहून एकडाव म्हणे, वहिनी, त्या कडबा मशीनले जाळी बसवून घ्या. म्या म्हटलं, हो गुरुजी. त्यायले कायले सांगू, त्यायची काय चूक, त्यायच्या जिवाले लागलं असतं. शांतीनं गेले, देव त्यायचं भलं करो.

आता डाव्या हातानं जमते मले, उजव्याइतकं नाई पण जमते. नातीचे हात माह्यावर गेले, तिले मी खालचा नट नाई दाखवला, पह्यले बॅटरीची वायर काढणं शिकवलं. गाडी आली का तो चाबी घेऊन साऱ्यायसमोर माह्या हातात देते, मी पदरात बांधतो, अन् मंग गिऱ्हाइकाले मोठ्यानं विचारतो, दुसरी चाबी हाय का? लोक हासतात, म्हणतात वायर तं काढली, मंग दुसरी चाबी काहून पाह्यजे? मी म्हणतो, मिस्त्रीले विचारा. इतके वर्षं झाले, म्हातारा झाला, पण त्यानं अजून कोणाले सांगतलं नाई. मी दुसऱ्या चाबीचं विचारलं का तो गाडीच्या मांगं जाते अन् मागच्या चाकाची हवा पाहात बसते. हवा बरोबरच असते.